कागद, कापड आणि सोन्याचा वर्ख : विदर्भाच्या हवेत अमूर्त कोलाज कसे करावे

कागद, कापड आणि सोन्याचा वर्ख या तीन वस्तू एकाच पाटीवर आणायच्या असतील, तर रंगसंगतीच्या आधी ओलीचा विचार करावा लागतो. ओल लागली की कागद फुगतो, न धुतलेले सुती कापड आकसते, आणि वर्ख यांपैकी काहीच करत नाही. त्याच्या खालची जागा हलली की तो फक्त तडकतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जाणारी कोरडी हवा आणि आषाढात भिंतीतून झिरपणारा दमटपणा, हे दोन्ही एकाच घरात सोसावे लागणाऱ्या विदर्भातील माणसाने तर हे काम सर्वस्वी ओलीच्या हिशेबाने आखावे. म्हणूनच या लेखातील पायऱ्यांचा क्रम बदलता येणार नाही : आधी पाटी, मग कागद, मग कापड, मग पुरेशी प्रतीक्षा, आणि सोने अगदी शेवटी.

पद्धतीकडे वळण्यापूर्वी आपल्यासमोर कोणत्या प्रकारचे चित्र आहे, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कागद चिकटवून चित्र करण्याची, म्हणजे कोलाजची, आधुनिक रीत पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२ मध्ये फ्रान्समध्ये रुजवली; परंतु त्यांच्या चित्रांत बाटली, गिटार, वर्तमानपत्र अशा वस्तू ओळखू येत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात ओळखू येणारी वस्तू गळून पडली आणि कागदाचा पोत, कापडाची वीण, फाटलेली कड यांनाच चित्राचा विषय मानले जाऊ लागले. अमेरिकेतील ॲन रायन यांनी १९४८ मध्ये जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांची कोलाज पाहिली आणि साठीच्या उंबरठ्यावर असताना या कामाला सुरुवात केली. १९५४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी सुमारे चारशे कोलाज केली, आणि त्यांतील बहुतेक वहीच्या पानाहून मोठी नाहीत. इटलीतील आल्बेर्तो बुर्री हे पेशाने डॉक्टर. युद्धकैदी म्हणून टेक्सासमधील छावणीत असताना ते चित्रे काढू लागले, आणि १९५० च्या दशकात फाटक्या, ठिगळे लावलेल्या गोणपाटाची त्यांची चित्रे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी काहींत गोणपाटाच्या शेजारी सोनेही आहे. अमेरिकी चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्ग यांनीही १९५३ च्या सुमारास सोन्याच्या वर्खाची चित्रे केली. धान, तूर आणि कापूस यांच्या प्रदेशात राहणाऱ्याला गोणपाट हे चित्राचे साहित्य आहे, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

पाटी

पहिल्या कामासाठी ३० × ४० सेंटिमीटरचा आणि ६ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा पुरेसा आहे. तालुक्याच्या गावी कोणताही सुतार उरलेल्या तुकड्यांतून तो कापून देतो. नुसता पुठ्ठा घेऊ नये, कारण खळीच्या पाण्याने तो हमखास वाकतो. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या भुश्याच्या दाबीव फळीच्या, कडा पावसाळ्यात फुगतात, म्हणून तेही टाळावे. पाटीच्या कडा काचकागदाने घासून चारही कडांसह दोन्ही बाजूंना चपड्याचे दोन हात द्यावेत.

चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. गोंदिया आणि भंडारा भागात पळसावर आणि कुसुमावर हीच लाख धरते, त्यामुळे तिकडील वाचकांना ती परकी नाही. १०० ग्रॅम चपडा ६०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत ठेवून सकाळी पातळ कापडातून गाळून घ्यावा. भांडे काचेचेच असावे, कारण लोखंडी डब्यात लाख काळवंडते. स्पिरिट झटकन पेट घेते, म्हणून हे काम चुलीपासून आणि उदबत्तीपासूनही दूर करावे. पावसाची झड लागलेली असताना चपडा लावल्यास त्यावर पांढरट साय धरते आणि लाखेची सगळी झळाळी जाते. अशा वेळी ऊन पडण्याची वाट पाहणे हाच उपाय आहे.

चपडा वाळल्यावर पाटीच्या दोन्ही बाजूंना, होय, मागच्या बाजूलाही, एकाच जातीचा जाड कागद चिकटवावा. वाळताना कागद पाटीला आपल्या बाजूला ओढतो. मागे तेवढ्याच ताकदीने ओढणारा कागद असला, तरच पाटी सरळ राहते. हे पाऊल बहुतेक जण गाळतात, आणि मग चौकटीत बसताना चित्र ढोलाप्रमाणे फुगलेले दिसते.

खळ

या भागावर थोडे अधिक रेंगाळणे योग्य ठरेल, कारण संपूर्ण कोलाज खळीवरच उभे असते. जगभरच्या संग्रहालयांत जुने कागद दुरुस्त करणारे लोक गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. वर्षांनंतरही ती पाण्याने सुटते, पिवळी पडत नाही आणि कागदाला कडक करत नाही. हा स्टार्च म्हणजे चैत्र-वैशाखात घरोघरी कुरड्यांसाठी काढला जाणारा गव्हाचा चीक. बाजारातील मैद्यात गव्हाचे प्रथिन शिल्लक असते, त्यामुळे मैद्याची लई कालांतराने ठिसूळ होते आणि किडीलाही लवकर बोलावते. घरात आई-आजी कुरड्या करत असतील, तर मीठ घालण्यापूर्वीचा वाटीभर चीक त्यांच्याकडून मागून घ्यावा.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवल्याने चिकाला आंबटपणा येतो, आणि हा आंबटपणा कागदाला सोसत नाही. म्हणून चिकावर स्वच्छ पाणी घालून ढवळावे, तळाशी बसू द्यावे, वरचे पाणी ओतून टाकावे आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत हेच करत राहावे. नंतर चीक ताटात पसरून सावलीत वाळवल्यास त्याची पूड वर्षभर टिकते.

खळ करताना एक वाटी पूड चार वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवावी आणि मंद आचेवर सतत ढवळत वीस ते पंचवीस मिनिटे शिजवावी. पांढरा रंग जाऊन ती अर्धपारदर्शक झाली, की ती शिजली. थंड झाल्यावर मलमलीच्या कापडातून दाबून गाळावी आणि मग लागेल तेवढ्या पाण्याने सैल करावी : पातळ कागदासाठी ताकाइतकी, कापडासाठी त्याहून बरीच घट्ट. उन्हाळ्यात ही खळ दोन दिवसांतच नासते, म्हणून थोडी थोडीच करावी. पुस्तकबांधणी करणारे जुने कारागीर खळीत मोरचूद घालत. त्याने कीड दूर राहते, पण मोरचूद विषारी आहे आणि कागदालाही मानवत नाही. घरात लहान मुले असतील, तर तो विषय मुळातच सोडून द्यावा. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

फेविकॉलसारखा पांढरा गोंद सर्वत्र वापरण्याचा मोह होतो, आणि गोणपाटासाठी तो आवश्यकही आहे, कारण खळीला गोणपाटाचे वजन पेलत नाही. कागदासाठी मात्र तो वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. एकदा बसलेला तुकडा त्यातून पुन्हा सुटत नाही, आणि कोलाजमध्ये सुटणे हे चिकटण्याइतकेच महत्त्वाचे असते.

कागद

हातकागद मिळाला तर सर्वोत्तम. वर्ध्याला या बाबतीत मोठा इतिहास आहे : १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातकागदाचे काम चालवले, आणि १९३८ मध्ये तेथे मगन संग्रहालय उभे राहिले. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदाचे धागे सर्व दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे तो ओल लागल्यावर सगळीकडे सारखाच फुगतो.

गिरणीच्या कागदाचे तसे नसते. त्याचे धागे एका दिशेने आडवे पडलेले असतात आणि ओल लागल्यावर तो मुख्यतः त्या दिशेच्या आडव्या अंगाने फुगतो. दिशा ओळखण्यासाठी कागदाचा छोटा चौकोन एका बाजूने ओला करावा. तो गुंडाळू लागेल, आणि गुंडाळीचा अक्ष ज्या रेषेत असेल तीच धाग्यांची दिशा होय. एकमेकांवर येणाऱ्या मोठ्या तुकड्यांची दिशा एकच ठेवावी. फाडण्यासाठीही हीच माहिती उपयोगी पडते, कारण धाग्यांच्या दिशेने कागद जवळजवळ सरळ फाटतो, तर आडवा फाडला की कड वेडीवाकडी आणि केसाळ येते. दोन्ही कडा कामाच्या आहेत. फक्त कोणती केव्हा हवी, हे ठरवून फाडावे.

जुन्या खातेवह्या, पंचांगांची पाने, औषधाच्या पुड्यांचे कागद हे सगळे घेता येते. वर्तमानपत्र टाळावे, कारण त्यातील लाकडाचा अंश काही महिन्यांतच पिवळा होतो आणि शेजारच्या कागदालाही डागाळतो. फेरफाराचा उतारा किंवा जुने खरेदीखत कितीही देखणे दिसले, तरी त्याला कात्री लावू नये. वाटणीचे खटले चित्रांपेक्षा जास्त टिकतात. त्याची झेरॉक्स घ्यावी. झेरॉक्सची काळी भुकटी उष्णतेने कागदावर पक्की बसलेली असल्याने खळीच्या पाण्याने पसरत नाही. घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई मात्र बहुधा पसरते.

झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातील, वाचकांना आणखी एक सोय आहे. दिवाळीनंतर वडसा आणि आसपासच्या गावांतील भिंतींवर नाटकांचे कागदी फलक एकावर एक चिकटवले जातात. हंगाम संपल्यावर ते थरच्या थर सुटून येतात, आणि त्यांच्या फाटक्या कडेतून मागच्या फलकांचे रंग डोकावतात. पॅरिसमध्ये रेमाँ एँस आणि जाक व्हिलेग्ले यांनी १९४९ पासून रस्त्यावरचे असेच फाटके फलक उचलून त्यांची चित्रे केली. हंगाम चालू असताना मात्र कोणाचा फलक काढू नये.

कापड

विदर्भाचे कापड या कामासाठी विशेष अनुकूल आहे. भंडारा आणि गडचिरोली भागातील टसर मुळातच मातकट सोनेरी असतो. वर्खाच्या शेजारी तो ठेवला, की सोने एकटे पडत नाही. करवतकाठी साडीच्या काठावरील दातेरी नक्षी फार ओळखीची असल्यामुळे ती पूर्ण लावल्यास चित्र साडीची आठवण होऊन बसते. काठ उलटा करून त्याची मागची, धागे सुटलेली बाजू वर घेतल्यास तो तेवढाच सुंदर आणि अधिक मोकळा दिसतो. विरलेले धोतर, जुने खादीचे पंचे आणि बारदाना हे तर घरातच असते. अलीकडची बहुतेक पोती प्लॅस्टिकची असतात, ती चालणार नाहीत. धान खरेदीच्या तागाच्या पोत्यावरील शाईचा शिक्का असलेला भाग मिळाल्यास तो जपून ठेवावा.

प्रत्येक सुती तुकडा गरम पाण्यात धुऊन त्यातील कांजी काढून टाकावी आणि इस्त्री करावी. टसर कोमट पाण्यातच धुवावा. रंगीत कापडावर ओला पांढरा फडका दाबून पाहावा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा बाजूला ठेवावा. पातळ कापड थेट पाटीवर चिकटवल्यास खळ विणीतून वर येते आणि वाळल्यावर चकाकते. म्हणून आधी पांढऱ्या पतंगी कागदाला खळ लावावी, त्यावर किंचित ओलसर कापड ताणा-बाणा सरळ करून अंथरावे, वरून कोरडा फडका दाबावा आणि वाळू द्यावे. कापडाला असे कागदाचे अस्तर मिळाले, की ते कात्रीने स्वच्छ कापता येते आणि कागदाइतके शिस्तीत चिकटते. गोणपाटाला मागून गोंद आणि पाणी समप्रमाणात घेऊन एक हात द्यावा, म्हणजे त्याचा भुसा गळत नाही.

मांडणी

खळ हाती घेण्यापूर्वी सर्व तुकडे पाटीवर सुटे मांडावेत आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्यावेत. छपरीत मांडणार असाल तर वर काच ठेवावी, कारण वारा आणि कोंबड्या यांना अमूर्त कलेविषयी आदर नसतो. या काळात एकच प्रश्न विचारत राहावा : कोणता तुकडा काढला तर चित्र बिघडत नाही? तो काढून टाकावा. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे कोलाजसाठी ओळखले जात नाहीत, पण त्यांच्या कॅनव्हासवरील शांत, मोकळ्या विस्ताराचा अभ्यास या टप्प्यावर फार उपयोगी पडतो. रिकामी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

सोन्याची जागा आत्ताच ठरवावी आणि तेथे पिवळ्या कागदाचा तुकडा ठेवावा. सोने हा रंग नसून परावर्तन आहे, त्यामुळे खिडकीसमोर उभे राहून पाहिले तर ते पांढरे झळकते आणि बाजूने पाहिले तर जवळजवळ काळे पडते. या दोन्ही अवस्थांत मांडणी तोल राखेल का, हे पाहण्यासाठी पिवळ्याच्या जागी एकदा पांढरा आणि एकदा गडद तपकिरी तुकडा ठेवून पाहावा. खऱ्या सोन्याच्या वर्खाचे पान साधारणपणे ८० × ८० मिलिमीटरचे असते, आणि या आकाराच्या चित्राला एका पानाहून अधिक सोने लागत नाही. दोन पाने लावली की चित्र देव्हाऱ्याच्या चौकटीकडे झुकू लागते.

मांडणी पक्की झाली की मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने क्रमांक टाकावा.

चिकटवणे

सर्वांत खालचा तुकडा आधी. तुकडा पालथा घालून मध्यापासून कडांकडे खळ लावावी आणि कागदाला फुगण्यासाठी दोन-तीन मिनिटे द्यावीत. ही प्रतीक्षा टाळल्यास तो पाटीवर गेल्यावर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. नंतर जागेवर ठेवून वर कोरा कागद धरून तळहाताने मध्यापासून बाहेर दाबत जावे. दोन-तीन तुकडे झाले की वर धुतलेले सुती कापड, त्यावर दुसरी सपाट पाटी आणि तिच्यावर विटा किंवा जात्याची तळी ठेवून रात्रभर दाबून ठेवावे. कापड ओले झाले की बदलावे. मे महिन्यात कूलरच्या झोतात वाळवण्याचा मोह टाळावा, कारण कडा आधी वाळून उचलतात आणि मधला भाग ओलाच राहतो.

गोणपाट शेवटी घ्यावा. गोंदाबरोबरच जाड दोऱ्याचे दोन-चार टाके कागदाच्या थरांतून घेतले तर पकड वाढते. टाके लपवण्याची आवश्यकता नाही.

सर्व काही चिकटल्यानंतर हिवाळ्यात निदान एक आठवडा आणि पावसाळ्यात तीन आठवडे काम उभे करून ठेवावे. पाटी तळहाताला गार लागत असेल, तर आत अजून पाणी आहे.

सोने

या कामाला कार्तिक ते माघ हा काळ सर्वांत चांगला, जरी तोच कापूस वेचणीचा हंगाम असला तरी. हवा कोरडी असते आणि पंखा बंद ठेवता येतो. खरा वर्ख मायक्रॉनच्या सुमारे दहाव्या भागाइतका पातळ असतो, त्यामुळे पंखा, कूलर आणि बोलतानाचा श्वास हे त्याचे शत्रू आहेत. मे महिन्यातच करायचे असेल, तर पहाटे दारे लावून करावे. नवख्याने सुट्या पानांऐवजी पातळ कागदावर दाबून दिलेला, ट्रान्सफर नावाने मिळणारा वर्ख मागवावा.

कागद आणि कापड शोषक असल्यामुळे सोन्याच्या जागेवर चपड्याचे दोन हात द्यावेत. शेजारचे कागद झाकून घ्यावेत, कारण स्पिरिटने बॉलपेनची शाई पसरते. त्यावर बारीक वस्त्रगाळ केलेली काव (लाल माती) पातळ केलेल्या गोंदात कालवून एक हात द्यावा आणि वाळल्यावर तिच्यावर पुन्हा चपड्याचा पातळ हात फिरवावा. युरोपातील कारागीर सोन्याखाली लाल चिकणमाती घालत, तिचाच हा सोपा पर्याय आहे. लाल पार्श्वभूमीमुळे सोने उबदार दिसते. सोन्याखाली जाड खादी असेल तर वर्ख धाग्यांच्या उंचवट्यांवर बसतो, खोलगट जागी तुटतो आणि तेथून काव दिसते. गुळगुळीत कागदावरील अखंड सोन्यापेक्षा मला हे तुटलेले सोने केव्हाही अधिक आवडते.

आता वर्खाचा चिकट लेप, म्हणजे पाण्यावर आधारित गिल्डिंग साइज, मऊ कुंचल्याने अगदी पातळ लावावी. लावताना ती दुधाळ दिसते आणि पारदर्शक झाली की वर्खासाठी तयार होते. थंडीत याला सुमारे अर्धा तास लागतो, उन्हाळ्यात बराच कमी, आणि पावसाळ्यात ती दीर्घकाळ दुधाळच राहते. बोटाच्या पेराच्या मागील बाजूने हलकेच स्पर्श करून पाहावे : कातडी किंचित ओढली गेली पाहिजे, पण तिला काहीही लागता कामा नये. मग वर्खाचा कागद पालथा ठेवून मऊ कापसाच्या बोळ्याने दाबावा आणि कागद उचलावा. भेगा राहिल्यास उरलेले कण तेथे दाबावेत. हव्या असल्यास भेगा तशाच ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी मऊ कुंचल्याने सुटे कण झाडावेत.

खऱ्या सोन्याला वरून काहीही लावू नये. पितळी वर्ख तांबे आणि जस्ताचा असल्याने बोटांच्या घामाने त्यावर काळे-हिरवे ठसे उमटतात. तो कोरड्या हातांनी लावावा आणि तीन दिवसांनी त्यावर चपडा द्यावा. मिठाईवरचा चांदीचा वर्ख स्वस्त आहे, पण तो हवेतील गंधकाने काळवंडतो. त्यावर तांबूस चपड्याचे दोन-तीन हात दिले तर चांदी झाकली जाते आणि रंगही सोन्याकडे झुकतो. सोने परवडत नसे तेव्हा कारागीर असेच करत. बेगडीचा कागद मात्र वापरू नये, त्याची चमक फार सपाट असते.

चौकट आणि भिंत

चित्रावर सर्वत्र वार्निश देऊ नये, कारण कागद, टसर आणि ताग यांच्या पोतातील फरक त्यामुळे पुसला जातो. चौकटीची काच चित्राला टेकू नये. मध्ये अर्ध्या सेंटिमीटरची लाकडी पट्टी घालावी, अन्यथा पावसाळ्यात वर्ख काचेला चिकटतो. खळीच्या वासाने कसर येते, म्हणून चौकटीची मागची फट कागदी पट्टीने पूर्ण बंद करावी आणि दर दिवाळीला चित्र उतरवून पाहावे. पाठीवर साहित्याची यादी आणि वर्ष पेन्सिलीने लिहावे, म्हणजे पुढे कोणी दुरुस्ती करू लागल्यास कोठे खळ आहे आणि कोठे गोंद, हे त्याला कळेल. बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये. आतल्या भिंतीवर टांगतानाही चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर मागून लाकडाचे छोटे ठोकळे लावावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्या मधून हवा खेळती राहील.